जागा उरली तर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ तीस फुटांच्या पुढं सरकलं आणि सांगलीत दर वर्षी होतं ते सुरू झालं. दूधवाल्यानं दारात किटली टेकवली आणि दूध मापायच्या आधी ‘छत्तीस’ म्हणून सांगितलं. भाजीवालीनं मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता ‘छत्तीस, पण वाढतंय’ म्हटलं. कशाचे छत्तीस, हे इथं कुणी कुणाला विचारत नाही. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे २०१९ च्या पुरापासून तर इथल्या शाळकरी पोरांनाही पाढ्यासारखं पाठ झालंय. त्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या वहिनींचा मुलगा आला. पत्रकारितेचा अभ्यासक्रम पुरा करून नुकताच एका दैनिकात लागलेला. रेनकोटातून पाणी निथळत होतं आणि फोन मात्र भडंगाच्या रिकाम्या प्लास्टिक पिशवीत नीट गुंडाळून आणला होता. ‘काकू, पहिलीच मोठी बातमी आहे. पाठवायच्या आधी एकदा बघता का?’

मी चष्मा शोधला आणि वाचायला घेतलं. ‘पूरस्थितीच्या पार्श्वभूमीवर आज सकाळी अकरा वाजता जिल्हाधिकारी कार्यालयात आढावा बैठक घेण्यात आली.’ मग बैठकीला कोण कोण उपस्थित होते, त्यांची पदं, कुणी प्रास्ताविक केलं, कुणी सूचना दिल्या, कुठल्या विभागानं किती बोटी सज्ज ठेवल्या. अंगठ्यानं वर सरकवत सरकवत मी आठव्या-नवव्या परिच्छेदाशी पोचले, तेव्हा तिथं लिहिलं होतं की उद्या दुपारपर्यंत पाणी ४० फुटांवर जाण्याची शक्यता असून सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर भागातील नागरिकांनी सकाळीच घरं सोडावीत. मी तो परिच्छेद उचलला आणि सगळ्यात वर नेऊन ठेवला. ‘बैठक झाली ही बातमी नव्हे रे. बैठकीत काय ठरलं आणि ते कुणाच्या दारात येणार, ती बातमी.’ त्यानं मान हलवली. हुशार पोरगं आहे, लगेच कळलं त्याला. पाच मिनिटांत बातमी सरळ झाली. मग फोन परत घेताना तो जरा घुटमळला. ‘आणि काकू, खाली त्या एका आज्जींचं लिहिलंय, सामान वर ठेवत होत्या त्यांचं. ते कुठं घालू?’ मी खाली बघितलं. ‘दरम्यान, सदर भागातील एक वृद्ध महिला घरातील साहित्य माळ्यावर हलविताना दिसून आल्या.’ एकच वाक्य.

‘शेवटी घाल,’ मी म्हणाले. ‘जागा उरली तर.’

तो गेला. मी स्वयंपाकघरात आले, कुकर लावला, कोथिंबीर निवडायला बसले आणि माझेच ते तीन शब्द कानात वाजत राहिले. जागा उरली तर. सत्तावीस वर्षं मी हे शब्द रोज म्हटलेत. कुणी लग्नाचा फोटो घेऊन यायचं, कुणी निधनवार्ता, कुणी शाळेच्या गॅदरिंगचा कागद. सगळ्यांना एकच उत्तर. पण या तीन शब्दांनी मला एकदा फार मोठा धडा शिकवला होता आणि तो मी संध्याकाळच्या घाईत साफ विसरले, हे कोथिंबिरीच्या काड्या तोडताना लक्षात आलं.

मी १९९३ साली दैनिकाच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पानात लावायच्या कामाला लागले. तेव्हा तालुक्यांच्या बातम्या एसटीनं यायच्या. जत, आटपाडी, शिराळा, विटा, प्रत्येक गाडीचं पाकीट ठरलेलं. कंडक्टर ते स्टँडवर द्यायचा, आमचा शिपाई सायकलवरून आणायचा. पाकीट फोडलं की त्या त्या तालुक्याचा वास यायचा असं मला तेव्हा वाटायचं. शिराळ्याचे कागद पावसानं मऊ पडलेले, जतचे धुळीनं खरखरीत. आत पाठपोट लिहिलेली बातमी, पत्र लिहावं तशी. ‘सविस्तर वृत्त असे की’ या शब्दांनी सुरुवात, मग सकाळपासून जे जे घडलं ते क्रमानं. माणूस सकाळी उठला, शेतावर गेला, मोटर सुरू करायला गेला, आणि मग तिसऱ्या पानावर, पाठीमागच्या बाजूला, विजेचा धक्का बसून गेला. आमचे ज्येष्ठ उपसंपादक, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, ते असा कागद हातात आला की आधी उलटा करायचे आणि खालून वाचायला लागायचे. ‘नवा बातमीदार असला की खालनं वाचायचं पोरी. जे सांगायला त्याचा हात थरथरतो, ते तो शेवटाला ठेवतो.’

अण्णांनी मला शिकवलं ते कुठल्याही फळ्यावर त्रिकोण न काढता. पुढं मी स्वतः पत्रकार दिनाला, ‘दर्पण’ निघालं त्या ६ जानेवारीला, कॉलेजांमधून बोलायला जायची तेव्हा खडूनं उलटा पिरॅमिड काढायची. पोरं निमूट वहीत उतरवून घ्यायची. पिरॅमिड कुणी बघितलाय? मग मी नरसाळं म्हणायला लागले. वर रुंद, खाली निमुळतं, महत्त्वाचं ते वर आणि खाली खाली बारीक तपशील. अण्णांची पद्धत याहून सोपी होती. मी बातमी लिहून नेली की ते कागद हातात घ्यायचेच नाहीत. म्हणायचे, ‘कागद ठेव टेबलावर. आता समज, तू सांगली स्टँडवर उभी हाईस. तुझ्या गावचा माणूस गाडीत बसलाय. गाडी हालली. खिडकीतनं काय सांगशील त्याला?’ मी एक वाक्य बोलायची. ‘हां. हा तुझा इंट्रो, बातमीचं पहिलं वाक्य. आता गाडी जरा थांबली, पुढं म्हैस आडवी आलीय. आणखी काय सांगशील?’ दुसरं वाक्य. ‘म्हैस अजून हालंना.’ तिसरं. अशी चार-पाच वाक्यं झाली की बातमी झालेली असायची. गंमत म्हणजे जी गोष्ट लिहिताना मला सापडत नसायची, ती बोलताना बरोब्बर पहिल्या वाक्यात यायची. लिहायला बसलं की माणूस ‘सदर इसम’ होतो, बोलताना तो ‘आमच्या गल्लीतला पोरगा’ असतो. नव्या मुलांना मी आजही सांगते, की आधी कुणाला तरी तोंडी सांगा. आईला सांगा, चहावाल्याला सांगा. त्यानं मध्येच कुठला प्रश्न विचारला ते लक्षात ठेवा, कारण दुसऱ्या परिच्छेदात त्याचंच उत्तर हवं असतं.

कोण, काय, कुठं, कधी, का, कसं. इंग्रजीत म्हणे पाच शब्द एका अक्षराचे आणि सहावा वेगळा. आपल्याकडे सहाही ‘क’ चे, सख्ख्या भावंडांसारखे. नव्या माणसाची चूक अशी होते, की तो सहाही भावंडांना एकाच वाक्यात कोंबतो. इंग्रजीत ते थोडंफार चालून जातं, कारण त्यांचं क्रियापद कर्त्याच्या मागोमाग येतं. आपलं क्रियापद शेवटी. ‘मिरज-पंढरपूर रस्त्यावर अमुक फाट्यानजीक सोमवारी रात्री साडेनऊच्या सुमारास भरधाव ट्रकने समोरून येणाऱ्या दुचाकीस दिलेल्या जोरदार धडकेत अमुक गावचा तरुण’ इथवर वाचकाला धड कळलेलं नसतं, की पोरगा वाचला की गेला. एवढे सगळे शब्द श्वास रोखून धरायचा आणि शेवटी ‘ठार झाला’. म्हणून मराठीत इंट्रो आखूड हवा, इतर कुठल्याही कारणापेक्षा या कारणासाठी. थोडके शब्द, एका श्वासात. नाव, वय, राहणार कुठला, हे दुसऱ्या वाक्यात आलं तरी काही बिघडत नाही. आणि ते ‘करण्यात आले’, ‘देण्यात आली’, ‘घेण्यात आली’. पाणी सोडण्यात आलं. कुणी सोडलं? रस्ता बंद करण्यात आला. कुणी, केव्हापर्यंत? या क्रियापदांत ‘कोण’ हे भावंड कायमचं हरवतं आणि ते हरवल्यानं ज्याची सोय होते तो माणूस बहुतेक वेळा खुर्चीत बसलेला असतो. मला या शब्दांचा मनापासून राग येतो, अजूनही.

पण नव्या मुलांनी मुख्य गोष्ट शेवटी ठेवली म्हणून त्यांना अडाणी समजू नये, हे मला माझ्या वडलांच्या वेळी कळलं. खानापूर तालुक्यातलं आमचं गाव. ऑफिसात फोन आला, चुलत्यांचा. ‘काही नाही, आबांना जरा बरं वाटंना झालंय. आत्ताच निघ.’ मग थोडं थांबून, ‘आणि एकटी येऊ नको.’ त्या शेवटच्या चार शब्दांत सगळी बातमी होती. विट्याच्या गाडीत मी खिडकीशी बसले, बाहेर द्राक्षबागांचे मांडव मागं पळत होते, आणि मी मनातल्या मनात त्या फोनचा इंट्रो करत होते. थांबवता येत नव्हतं. आठ तास जे काम करायची त्याची सवय हाताला लागली होती. घरी पोचले तर अंगणभर चपला. कुणीही तोंडानं ते वाक्य उच्चारलं नाही. आत्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला, आईनं माझ्याकडं बघितलं, बस. आपल्या घरांत वाईट बातमी अशीच सांगतात. आधी ‘घाबरू नको’, मग ‘जरा जास्त आहे’, मग ‘ये’. पूर्वी तारा यायच्या त्यातही माणूस गेला असला तरी ‘सीरियस’ एवढंच असायचं. पोस्टमननं तार म्हटलं की बायका आधी रडायला लागायच्या, कारण मजकूर काही असो, अर्थ त्यांना ठाऊक असायचा. ज्या पोरानं आयुष्यभर असंच ऐकलंय, त्याला पहिल्या दिवशी सांगायचं, की मृत्यू पहिल्या ओळीत लिही. त्याच्या हाताला ते जड जाणारच. त्याचं वळण चांगल्या घरातलं असतं म्हणून जड जातं.

त्या दिवशी मला कुणी पहिल्या ओळीत सांगितलं नाही, याबद्दल मी आजही चुलत्यांची ऋणी आहे.

तारेचा विषय निघाला म्हणून सांगते. महत्त्वाचं आधी लिहायची ही रीत तारेमुळं पडली असं शिकवतात. शब्दाशब्दाला पैसे, आणि तार मध्येच तुटायची भीती. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनमधल्या नाट्यगृहात अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा असोसिएटेड प्रेसच्या लॉरेन्स गोब्राइट यांनी तारेनं पाठवलेली पहिली बातमी एका वाक्याची होती. राष्ट्राध्यक्षांवर आज रात्री नाट्यगृहात गोळी झाडली गेली आणि जखम बहुधा प्राणघातक आहे, असा तिचा आशय. रीत काही एका रात्रीत पडली नाही, वर्तमानपत्रं त्यानंतरही कित्येक वर्षं पाल्हाळ लावत राहिली. मला त्या वाक्यातला ‘बहुधा’ फार मोलाचा वाटतो. सगळ्यात मोठी बातमी हातात आहे, घाई आहे, आणि तरी जेवढं ठाऊक तेवढंच लिहायचं. आपल्याकडची तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. ‘बहुधा’ लिहायची हिंमत मात्र बातमीदाराला रोज नव्यानं गोळा करावी लागते.

आमच्याकडं तारेची जागा ब्लेडनं घेतली होती. टाइप झालेला मजकूर कॉलमच्या रुंदीच्या लांब पट्ट्यांमध्ये बाहेर यायचा आणि पेस्टर त्या पट्ट्या पानावर चिकटवायचा. रबर सोल्युशनचा तो गोडसर, डोकं जड करणारा वास. रात्री नऊच्या पुढं जाहिरात आली, की कुणाच्या तरी बातमीवर गंडांतर. पेस्टर पट्टी बोटांत धरून माझ्याकडं बघायचा, ‘किती?’ मी म्हणायची, ‘खालनं बारा ओळी.’ खालून कापलं तर बातमीला धक्का लागत नाही, कारण कमी महत्त्वाचं ते खाली असतं, असा आमचा विश्वास. ब्लेड फिरायचं आणि पट्टीचा तुकडा टेबलाखाली पडायचा. सकाळी झाडूवाल्या मावशी ते तुकडे गोळा करायच्या.

अशाच एका तुकड्याची ही गोष्ट. १९९८ च्या श्रावणातली. मिरजेच्या पूर्वेकडच्या एका गावचा पोरगा, रात्री दुचाकीवरून चाललेला, ट्रकच्या धडकेत गेला. बातमी दोनदा गेली होती. खेड्यांत जाणारी डाक आवृत्ती आधी छापायची आणि शहर आवृत्ती रात्री उशिरा. डाक आवृत्तीत जाहिरात आली म्हणून मी खालच्या ओळी कापल्या. शहर आवृत्तीत पान पुन्हा लागलं, जागा होती, बातमी पूर्ण गेली. चार-पाच दिवसांनी एक बाई ऑफिसात आली. तिशीतली असेल. डोक्यावरून पदर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला पेपर. भांडायला आली असेल असं वाटलं, कारण तशीही माणसं यायची. ती खुर्चीवर बसेचना. उभ्यानंच तिनं पेपर उलगडला आणि बातमीवर बोट ठेवलं. ‘बाई, ह्यात आणि एक वळ हाय म्हनत्यात. सांगलीतल्या आमच्या पावन्यानं वाचलीया. आमच्या पेपरात न्हाई ती. ती वळ असल्याला पेपर मिळंल का?’

मी फाइल काढली. शेवटची ओळ होती, ‘बहिणीला पंचमीसाठी माहेरी आणायला तो निघाला होता.’ बहीण ती हीच. गावात कुजबुज चालली होती, की पोरगं रातच्याला कुठं निघालं होतं, कुणाकडं चाललं होतं, पिऊन होतं का. पेपरात ‘का’ नव्हता, तर तो लोकांनी आपापल्या मनानं भरला. पंचमी तोंडावर आली की भाऊ न्यायला येतो, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. ती तयार होऊन बसली होती आणि तो धारा काढून, डेअरीला दूध घालून उशिरा निघाला होता. हे सगळं त्या एका ओळीत होतं आणि ती ओळ मी ‘खालनं बारा’ म्हणताना टेबलाखाली गेली होती. मी तिला शहर आवृत्तीचे दोन अंक दिले. तिला वाचायला येत नसावं, कारण तिनं मला ती ओळ नेमकी कुठं आहे ते विचारलं आणि तिथं नखानं हलकी रेघ ओढली. मग घडी घालून पिशवीत ठेवली. पैसे देऊ लागली. मी नको म्हटलं. काय बोलावं ते मला सुचलं नाही. ती जिना उतरून गेली तरी मी फाइल उघडी ठेवून बसले होते.

त्यानंतर माझी रीत बदलली. बातमी हातात आली की मी खालचा परिच्छेद आधी वाचायची, अण्णांसारखीच, पण वेगळ्या प्रश्नासाठी. ही ओळ कापली तर कुणाला फरक पडेल? पडत असेल, तर ती इथं खाली का आहे? अपघाताच्या बातमीत माणूस कुठून कुठं आणि कशासाठी निघाला होता, हे मी दुसऱ्या वाक्यात न्यायला लागले. दोन-चार शब्दच लागतात. ‘बहिणीला आणायला निघालेला’, ‘बाजार करून परतणारे’, ‘रात्रपाळीला जाणारा’. एवढ्यानं ‘अमुक (वय २४)’ या कंसात अडकलेला माणूस बाहेर येतो. काही वरिष्ठ म्हणाले, की हे भावनिक होतंय. मला ते पटलं नाही. ‘का’ हा सहांपैकीच एक आहे, मी बाहेरून काही आणत नव्हते.

इंट्रो खरा असूनही फसवू शकतो, ही दुसरी गोष्ट मला हळदीनं शिकवली. मार्केट यार्डात सौदे निघाले की हवेतच पिवळी धूळ असते, नाकात बसते, रुमालाला लागते ती धुतली तरी जात नाही. बाजार समितीच्या पत्रकात तीन आकडे असतात, किमान, कमाल आणि सर्वसाधारण. बातमीदाराचं बोट आपोआप कमाल आकड्यावर जातं. मुहूर्ताच्या सौद्यात चार पोत्यांना चढा दर मिळाला, फटाके वाजले, की इंट्रो तयार. त्यात एक अक्षर खोटं नसतं. आणि ती पहिली ओळ वाचून कुणी लांबच्या तालुक्यातून भाड्याच्या गाडीत हळद भरून आणतो, तेव्हा त्याला सर्वसाधारण दर मिळतो, जो आम्ही पाचव्या परिच्छेदात छापलेला असतो. अशा एका शेतकऱ्याचा मला फोन आला होता. आवाज अजिबात चढलेला नव्हता. ‘ताई, तुम्ही लिहिलं ते बरोबर हाय. पन ते माझ्यासाठी न्हवतं.’ त्यानंतर आमच्या पानावर सर्वसाधारण दर पहिल्या वाक्यात आणि कमाल दर दुसऱ्या वाक्यात, पोत्यांच्या संख्येसह, असं मी चालू केलं.

२०१९ च्या पुरात मी डेस्कवर होते. पाण्यानं २००५ ची पातळी मागं टाकली आणि आयर्विनजवळ ते ५७ फुटांवर गेलं. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. फोन लागत नव्हते, रस्ते बंद, आणि आकडा तासातासाला बदलत होता. अखेर १७ जण गेल्याचं कळलं. त्या दिवशी मी तो इंट्रो किती वेळा लिहिला ते मोजलं नाही, पण प्रत्येक वेळी ‘आतापर्यंत’ हा शब्द आणि आकडा कुणी दिला तो उल्लेख पहिल्या दोन वाक्यांत ठेवला. एक तरुण सहकारी म्हणाला, ‘दुसरीकडं मोठा आकडा चाललाय मॅडम.’ मी म्हटलं, चालू दे. त्या आकड्यातल्या प्रत्येकाचं घर ते वाचणार आहे. आबांच्या वेळचं अंगण आणि चपला मला त्या रात्री सारख्या दिसत होत्या. तिथल्या अंगणात तर पाणीच होतं.

आता ब्लेड नाही, पट्ट्या नाहीत. फोनवर जागाच जागा, कितीही लिहा. तरी वाचकाचा अंगठा तेच काम करतो, आणि तो पेस्टरसारखा ‘किती?’ म्हणून विचारतही नाही. त्यावर तोडगा म्हणून मुख्य गोष्ट मुद्दाम दडवायची, ‘आणि पुढे जे घडलं ते वाचून तुम्हालाही धक्का बसेल’ असे मथळे द्यायचे, ही नवी तऱ्हा निघाली आहे. चुलत्यांनीही मला सगळं सांगितलं नव्हतं. पण ते मला सांभाळून घरी आणण्यासाठी होतं. हे दडवणं माणसाला ओढून नेण्यासाठी असतं आणि पोचल्यावर तिथं कुणी पाण्याचा तांब्या घेऊन उभं नसतं. नव्या मुलांना या मथळ्यांचं शिक्षण पहिल्या आठवड्यात मिळतं, याचं मला फार वाईट वाटतं.

कोथिंबीर निवडून झाली. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. मी शेजारच्या पोराला फोन लावला. ‘पाठवलीस का?’ ‘नाही काकू, मथळा देतोय.’ ‘ते आज्जींचं काय होतं? लिहिलंयस ते नको वाचून दाखवू. मला सांग. तू काय बघितलंस?’

तो क्षणभर गप्प झाला आणि मग जे बोलायला लागला ते थांबेचना. सकाळी बैठकीआधी तो सूर्यवंशी प्लॉटमध्ये गेला होता. आज्जी एकट्याच. शिडीवर चढून माळ्यावर पोती ठेवत होत्या, खालून यानं हात दिला. मागच्या वेळी माळ्यालाही पाणी लागलं होतं म्हणून त्यांनी या वेळी नातवाची शाळेची कागदपत्रं डब्यात घालून शेजारणीकडं दुसऱ्या मजल्यावर आधीच पोचवली होती. दाराला तीन पायऱ्या. पहिल्या पायरीवर त्यांनी खडूनं रेघ मारून ठेवलेली. ‘मी म्हटलं आज्जी, पेपरात येतंय की किती फूट झालं ते. तर म्हणाल्या, पेपरात फूट लिवत्यात बाळा, मला पायऱ्या कळत्यात. पुलापाशी चाळीस झालं की माझ्या तिसऱ्या पायरीला लागतंय. तेवढं ज्यानं त्यानं आपल्या दाराचं बघून ठेवलं की पोलिसानं भोंगा घेऊन यायची वाट बघाय नको.’

मी गॅस बंद केला. बैठकीत सांगितलेला ४० चा आकडा म्हणजे नेमकं काय, हे त्या अख्ख्या बातमीत एकाच माणसानं सांगितलं होतं. ते ‘दरम्यान’ आणि ‘सदर’ आणि ‘दिसून आल्या’ यांच्याखाली गाडलं गेलं होतं, आणि मी ते उकरून बघितलंच नव्हतं.

‘हे असंच लिही. बोललास तसंच. पहिलं वाक्य आहे ते राहू दे, उद्या दुपारपर्यंत ४० फूट आणि कुणी बाहेर पडायचं ते. त्याच्या खाली लगेच आज्जी. त्यांच्या पायऱ्या, त्यांची खडूची रेघ, त्यांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत. मग बोटी, निवारा केंद्रं, फोन नंबर.’

पलीकडं टाइप केल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, ‘आणि शेवटी काय ठेवू काकू?’

‘बैठकीला कोण कोण होतं ते,’ मी म्हटलं. ‘जागा उरली तर.’